पीक फ्लो मीटर: आईच्या दम्यासाठी पंधरा महिने रोज वापरला, त्याचा रिव्ह्यू

घरात दम्याचा पेशंट असेल आणि ही वस्तू नसेल तर आधी ही आणा, बाकीचं नंतर वाचा. पीक फ्लो मीटर म्हणतात त्याला. वीतभर लांब प्लास्टिकची नळी, अंगावर 60 पासून 800 पर्यंत आकडे आणि एक सरकता लाल काटा, बॅटरी नाही, वायर नाही, मोबाईलला जोडायची भानगड नाही. जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबला ते वाचायचं. मला मागच्या वर्षी जानेवारीत इंदूरच्या दवा बाजारात साडेपाचशेच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण सगळ्यांचे मीटर जवळपास एकाच तत्त्वावर चालतात आणि मला सांगायचंय ते कंपनीबद्दल नाहीच.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. दमा चाळिशीपासून. आम्ही रामबागेत राहतो, जुनं घर, खाली दोन खोल्या वर दोन, आणि आई अजून दिवसातनं चार वेळा तरी जिना चढते-उतरते. मीटर घेतला त्याच्या आदल्या महिन्यात, डिसेंबरात, एका लग्नाहून रात्री उशिरा आलो, गार वारं सुटलेलं, आणि दोनच्या सुमाराला बघते तर आई पलंगावर उठून बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर-खाली होतायत आणि तीन शब्द बोलली की थांबायची. ती रात्र मी विसरणार नाही. तीन दिवस ॲडमिट होती, ऑक्सिजन, वाफ, स्टिरॉइडच्या गोळ्या, सगळं झालं आणि चौथ्या दिवशी घरी. घरी आल्यावर आई म्हणाली आता एकदम बरं वाटतंय, सकाळी शेव घालून पोहे खाल्ले, देवासच्या मावशीशी फोनवर अर्धा तास बोलली, आम्हालाही वाटलं सुटलो बाबा.

डिस्चार्जच्या कागदावर औषधांची नावं होती, पुढे त्रास वाढायला लागला तर काय करायचं याबद्दल एक ओळ नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

आठवड्याने दुसऱ्या एका छातीच्या डॉक्टरांकडे दाखवायला नेलं. त्यांनी विचारलं, काकू कसं वाटतंय? आई म्हणाली अगदी छान, काही होत नाहीये. त्यांनी ड्रॉवरमधून ही नळी काढली, पुढे कागदी तोंड लावलं आणि म्हणाले जोरात फुंका. काटा 160 वर. परत फुंकायला लावलं, 155. तिसऱ्यांदा 160. डॉक्टर म्हणाले तुमचं वय आणि उंची बघता 330 च्या आसपास यायला हवं, तुमचं निम्मं येतंय. आई म्हणाली, "अहो पण मी जिना चढून आले, मला धापसुद्धा लागली नाही."

मग त्यांनी जे सांगितलं त्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहितेय. मॅकफॅडन नावाच्या अमेरिकन संशोधकांनी, ज्यांनी आयुष्यभर दम्यावर काम केलं, 1973 मध्ये आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक साधी गोष्ट तपासली. दम्याचा अटॅक घेऊन आलेल्या पेशंटवर उपचार सुरू असताना ते फुफ्फुसाचं काम मोजत राहिले, आणि पेशंट ज्या क्षणी म्हणाला की आता मला काही त्रास नाही, तेव्हाचा आकडा बघितला. तो नॉर्मलच्या 40 ते 50 टक्केच होता! डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला आणि छातीतल्या शिट्ट्याही बंद झालेल्या असल्या, तेव्हा कुठे 60-70 टक्के. म्हणजे पेशंट म्हणतो बरा आहे, डॉक्टरचे कान म्हणतात बरा आहे, आणि छातीतल्या श्वासाच्या नळ्या अजून एक तृतीयांश बंदच. घरी येऊन मी यावर बरंच वाचलं आणि पटत गेलं. शरीर सवय करून घेतं, चार दिवस एक तृतीयांश श्वासावर काढल्यावर निम्मा श्वास मिळाला की माणसाला ते सुखच वाटतं. शिवाय मोठ्या नळ्या आधी मोकळ्या होतात, अगदी बारीक नळ्यांची सूज मागाहून उतरते, आणि त्या बारीक नळ्या आवाजच करत नाहीत. आई खोटं बोलत नव्हती हो. तिला खरंच बरं वाटत होतं.

त्याच दिवशी परत येताना दवा बाजारात गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एम. वाय. हॉस्पिटलच्या जवळच आहे, होलसेलवाल्यांची गर्दी, दुपारी गेलात तर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळी अकराच्या आत जा. पहिल्या दोन दुकानांत मीटर मागितला तर बीपी मशीन दाखवलं, तिसऱ्या दुकानात एका वयस्क माणसाने लगेच ओळखलं, "बच्चे का चाहिए या बड़ों का?" हा प्रश्न बरोबर आहे बरं का, कारण लहान मुलांसाठी कमी रेंजचा वेगळा येतो. आणखी एक, आकड्यांचं स्केल जुनं आणि नवीन असं दोन प्रकारचं असतं, डब्यावर युरोपियन, म्हणजे नवीन, स्केल लिहिलंय का बघून घ्या आणि एकदा जो घेतला तोच शेवटपर्यंत वापरा. क्लिनिकच्या मीटरवर 300 आणि घरच्यावर 280 असं होऊ शकतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तुलना आपल्याच मीटरवरच्या आपल्याच आकड्यांशी करायची. आणि उघडलेला डबा घेऊ नका, कोणाच्या तोंडाला लागलेला असेल सांगता येत नाही.

यंत्र आतून इतकं साधं आहे की एवढी मोठी गोष्ट याने कळते यावर आधी विश्वासच बसला नाही. फुंकरीच्या जोराने आतला पडदा स्प्रिंगविरुद्ध ढकलला जातो, तो काट्याला पुढे नेतो आणि फुंकर संपली की काटा तिथेच राहतो. मिनिटाला किती लिटर या वेगाने हवा बाहेर आली तो तो आकडा. हे काढलं कोणी तर ब्रिटनच्या बॅसिल मार्टिन राइट यांनी, वेल्समध्ये कोळशाच्या खाणकामगारांच्या फुफ्फुसांवर काम करणारं एक युनिट होतं तिथे. सहकारी मॅककेरो यांच्याबरोबर त्यांनी 1959 मध्ये याची माहिती छापली. तेव्हाचा मीटर धातूचा, घड्याळासारखा गोल आणि चांगला किलोभर वजनाचा होता, मग सत्तरच्या दशकात त्यांनीच हा छोटा प्लास्टिकचा केला आणि तो पेशंटच्या घरात आला. याच राइटसाहेबांनी इंजेक्शन हळूहळू देणारा सिरिंज पंपही बनवला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, कारण दमा मोजायची गोष्ट त्याने हॉस्पिटलमधून काढून स्वयंपाकघराच्या फडताळात आणून ठेवली.

आता फुंकायचं कसं. यात आमचे पहिले दहा दिवस गेले. उभं राहायचं, काटा खाली शून्याकडे आणायचा, पूर्ण श्वास भरायचा, ओठ नळीच्या तोंडाभोवती घट्ट बंद करायचे आणि एकदम झटक्यात सगळा जोर लावून फुंकायचं, लांब नाही, जोरात. मेणबत्त्या विझवतो तसं, पण दहापट जोराने. तीनदा फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी काढायची नाही. आई सुरुवातीला गाल फुगवून शेवटी थुंकल्यासारखा झटका द्यायची, त्याने आकडा खोटा मोठा येतो, एकदा तर 420 आला आणि आम्ही खूश. डॉक्टरांनी बघितल्यावर चूक कळली. जीभ नळीच्या तोंडात गेली तरी गडबड, बोट काट्याच्या खाचेवर राहिलं तरी गडबड. आईची कवळी आहे, कवळी घालूनच फुंकावं लागतं नाहीतर ओठ नीट बसत नाहीत. सकाळी उठल्यावर दम्याचा पंप घ्यायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सकाळचा आकडा थोडा कमीच येतो, दम्यात पहाटेच्या सुमाराला नळ्या सगळ्यात आवळलेल्या असतात, पण सकाळ-संध्याकाळमधला फरक फार वाढायला लागला तर ते लक्षण चांगलं नाही.

औषध नीट सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी आईचा सगळ्यात चांगला आकडा 340 आला. आमचा सगळा हिशोब या 340 वर चालतो. त्याच्या 80 टक्के म्हणजे 272 च्या वर हिरवा, 272 ते 170 पिवळा, 170 च्या खाली लाल. मी मीटरवरच रंगीत टेप चिकटवलीय. पिवळ्यात गेलं तर काय वाढवायचं, किती दिवस, लालमध्ये गेलं तर कुठले पफ घेत घेत हॉस्पिटल गाठायचं, हे डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलंय आणि तो फ्रिजवर आहे. हा कागद तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, माझे आकडे तुमच्या आईला लावू नका. रोजचे आकडे आई कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, वर सकाळचा खाली संध्याकाळचा, एकादशी आणि दुधाच्या हिशोबाशेजारीच.

खरा उपयोग कळला तो रंगपंचमीला. इंदूरबाहेरच्या लोकांना सांगते, आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, गेर म्हणजे रंगांच्या मिरवणुका निघतात, टँकरमधून पाण्याचे फवारे, मशीनने गुलाल कितीतरी मजले वर उडवतात, राजवाड्याकडे आभाळच गुलाबी दिसतं. आई लहानपणापासून बघत आलीय, तिला घरी बस म्हणणं म्हणजे तिचा सण काढून घेणं. मागच्या वर्षी ओळखीच्यांच्या गॅलरीतून गेर बघून आली, म्हणाली काही झालं नाही, आणि सणाच्या गडबडीत दोन दिवस फुंकायचं राहून गेलं. ती बरी आहे म्हणाली म्हणून मीही मागे लागले नाही. तिसऱ्या दिवशी फुंकलं तर 165, लालमध्ये, आणि संध्याकाळपर्यंत परत तीच धाप, परत ॲडमिट, फक्त यावेळी एकच रात्र. ती चूक माझी होती, डिसेंबरात सगळं समोर दिसलेलं असताना मी पुन्हा वाटण्यावर भरवसा ठेवला.

या वर्षी तसं होऊ दिलं नाही. गेर बघायला गेली, मास्क लावून, बंद काचेमागे उभी राहून, आणि रात्री फुंकलं 300, दुसऱ्या सकाळी 275, संध्याकाळी 250. आई म्हणत होती अगं मला काही नाही, उगीच काय. खोकलाही नव्हता. पण 272 ची रेघ ओलांडली होती, म्हणून कागदावर लिहिल्याप्रमाणे औषध वाढवलं, डॉक्टरांना फोन केला, पाचव्या दिवशी परत 310. हॉस्पिटल नाही, रात्री जागरण नाही.

औषधावरून एक सांगायलाच हवं. आई वर्षानुवर्षं फक्त निळा पंप वापरायची, सालब्युटामॉलचा, त्रास झाला की दोन पफ. त्याने नळ्यांचे स्नायू मोकळे होतात, लगेच आराम पडतो, पण आतली सूज तशीच राहते. 2019 पासून दम्याच्या जागतिक गाईडलाइनमध्येच सांगितलंय की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका, सोबत सूज उतरवणारं स्टिरॉइड श्वासातून गेलंच पाहिजे. आता तिला फॉरमोटेरॉल (नळ्या मोकळ्या करणारं) आणि ब्युडेसोनाइड (सूज उतरवणारं स्टिरॉइड) एकत्र असलेला पंप आहे. आमच्याकडे हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना पंप शब्द ऐकूनच भीती वाटते, सवय लागते म्हणतात, गोळी बरी म्हणतात. सालब्युटामॉलची गोळी 4 मिलिग्रॅमची येते आणि पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे चाळीसावा भाग, तेही थेट जिथे लागतं तिथे. सवय लागायची भीती वाटत असेल तर जास्त औषध कशातून जातंय ते बघा ना. आई आधी पंप पर्समध्ये रुमालाखाली लपवायची, आता चारचौघींत काढून घेते, मला ते बघून फार बरं वाटतं.

मीटरचा एक उपयोग डॉक्टरांनीही सांगितला नव्हता, तो आम्हालाच सापडला. पावसाळ्यात सकाळचे आकडे सारखे 260-270, संध्याकाळी मात्र 310. औषध तेच, खाणंपिणं तेच. मग लक्षात आलं की आईच्या खोलीत रात्री डासांची कॉइल लागते. 2003 च्या एका अभ्यासात असं निघालं होतं की एक कॉइल जळून जेवढे बारीक कण हवेत सोडते ते 75 ते 137 सिगरेटींच्या बरोबरीचे असतात. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली, चौथ्या दिवसापासून सकाळी 300 च्या वर. आमचं शहर स्वच्छतेत सलग सात वर्षं देशात पहिलं आलं याचा मला खरंच अभिमान आहे, रस्त्यावर कागद दिसत नाही, पण बंद खोलीतल्या धुराला महानगरपालिकेची गाडी न्यायला येणार नाहीये, तो आपला आपणच बघायला हवा.

आता जे आवडलं नाही ते. काटा चार महिन्यांनी अडकायला लागला, आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण वाळवला की ठीक चालतो, पण हे सांगणारं पत्रक इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरात की आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही. मराठी नाही, हिंदीसुद्धा नाही. ज्या वस्तूचा सगळा जीव ती नीट वापरण्यात आहे तिचं पत्रक असं असावं हे मला पटत नाही. आकडेही फिकट छापलेत, माझी टेप नसती तर संध्याकाळच्या उजेडात दिसले नसते. यासाठी अर्धा स्टार कापते, पाचपैकी साडेचार.

आणि याच्याकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. हा मीटर आजार कुठला ते सांगत नाही. शेजारचे काका, चाळीस वर्षं बिडी ओढलेले, माझं बघून त्यांनीही आणला आणि आकडा ठीक आला म्हणून निर्धास्त झाले. सीओपीडी नावाचा जो आजार आहे, ज्यात नळ्या कायमच्या खराब होतात, त्यात या मीटरचा आकडा फसवू शकतो. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते, म्हणजे मशीनमध्ये फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, त्यात औषधाचा पफ दिल्यावर पहिल्या सेकंदात निघालेली हवा एकूण हवेच्या 0.7 पेक्षा कमी भरली तर सीओपीडी धरतात. काकांना पाठवलं, रिपोर्टमध्ये तेच निघालं. भारतात 2016 मध्ये दम्याचे पावणेचार कोटींच्या वर आणि सीओपीडीचे साडेपाच कोटींच्या आसपास लोक असल्याचा अंदाज निघाला होता, म्हणजे प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी असणारच. आणि तो फक्त बिडीवाल्यांचा आजार नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्याबरोबर 2009 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं ते नेमकं यावरच, कधीच सिगरेट न ओढलेल्यांच्या सीओपीडीवर, त्यात चुलीच्या धुराचा वाटा केवढा मोठा आहे ते. आपल्या माणसाने आपल्या घरांतल्या बायकांचा खोकला जगासमोर मांडला, हे वाचलं तेव्हा मला देवासची मावशी आठवली. लग्नानंतर पंचवीस वर्षं चुलीवर आणि शेगडीवर स्वयंपाक केलाय तिने, सकाळचा खोकला तर आम्ही तिची ओळखच समजायचो.

मागच्या आठवड्यात मावशी राहायला आली होती. आई स्वतःचं फुंकून झाल्यावर कालनिर्णयमध्ये 320 लिहीत होती, मावशीने विचारलं हे काय गं रोजचं. तिच्यासाठी नवीन कागदी तोंड लावलं, उभं केलं, तीनदा फुंकायला लावलं, 190, 200, 200. मावशी म्हणाली, "मला तर बाई काहीच होत नाही." आईने माझ्याकडे बघितलं. सोमवारी सकाळी साडेदहाची स्पायरोमेट्रीची वेळ घेतलीय, आई पण बरोबर येतेय.